वरची तार

बबनरावांच्या त्या पत्राला रूपरावांनी उत्तर दिलं नव्हतं. पाडव्याच्या आगेमागे आलेलं साधं आंतरदेशीय पत्र. त्यात प्रश्न एकच, तोही सरळ. पण धोतरात शिरलेल्या कुसळासारखा तो प्रश्न त्यांना टोचत राहिला. शोधायला गेलं की सापडत नाही, आणि जरा निवांत बसलं की टोचतो.

बबनराव हे त्यांचे आर्वीच्या शाळेतले सोबती. आता तिथल्याच एका खाजगी शाळेचे मुख्याध्यापक झाले होते. त्यांनी लिहिलं होतं: ‘आमच्या शाळेला यंदा संगीत-शिक्षकाची जागा मिळाली आहे. तुमच्या वर्ध्याच्या ताराचंद मास्तरांचा अर्ज आला आहे. पेटी, तबला, गिटार, तिन्ही येतं म्हणतात. ओळखीच्या माणसांत त्यांनी तुझं नाव दिलं आहे, आणि तू त्यांचा शिष्य आहेस असंही लिहिलं आहे. बाबा रे, तू आणि गिटार! असो. मला एवढंच कळव, पोरं या माणसाच्या हाती द्यावीत की नाही? तू लिहिशील ते मी धरून चालेन. शाळा सव्वीस जूनला उघडते, त्याआधी आमची बैठक आहे.’

तू लिहिशील ते मी धरून चालेन! रूपरावांना घाम फुटला तो या ओळीने.

ते वर्ध्याच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते. राहायला सिंदी मेघेला, रोज सायकलने ये-जा. पन्नाशीला आले होते, पण ‘हे पुस्तक कसं आहे?’ असं कोणी विचारलं तर ‘लोक नेतात’ यापलीकडे त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. चांगलं म्हणावं तर उद्या तो येऊन म्हणेल, काय चांगलं होतं त्यात? वाईट म्हणावं तर आपण कोण टिकोजीराव लागून गेलो लिहिणाऱ्याला वाईट म्हणायला? अशा माणसाच्या एका ओळीवर एक शाळा मास्तर ठेवायचा की नाही ते ठरवणार होती.

आणि मास्तर कोण, तर ताराचंद.

ताराचंदचं नाव निघालं की रूपरावांना आधी वास यायचा. खर्ऱ्याचा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालायचा आणि मांडीवर तळहाताने घोटत बसायचं, हे ताराचंदचं अखंड चाललेलं काम. शिकवणं त्याच्या मधल्या फटीत. रेल्वे फाटकाकडच्या रस्त्यावर बंडूजीचं सायकलचं दुकान होतं, त्याच्या मागच्या खोलीत ताराचंदचा क्लास भरे. गादीच्या उशाशी वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा ठेवलेला असे. त्या डब्यात काय होतं ते न बघण्याचा रूपराव आटोकाट प्रयत्न करत, आणि माणूस जे बघायचं नाही म्हणतो तेच त्याला आधी दिसतं. काठापर्यंत आलेला तो तपकिरी फेस, त्यावर बुडालेली एखादी माशी. ताराचंद सारेगम म्हणून दाखवायचा तेही असं: ‘सा, रे, ग, म,’ मग मान वळवून पच्चकन डब्यात, आणि मग ‘प, ध, नी.’ रूपरावांच्या कानात सरगम बसली ती त्या पच्चकनसकट. म नंतर थोडं थांबल्याशिवाय त्यांना पुढे जाताच येईना.

तारा जुळवून द्यायला म्हणून तो शिष्याची गिटार ओढून घ्यायचा. परत यायची तेव्हा तिच्या मानेवर ओलसर, नारिंगी बोटं उमटलेली असत. घरी आल्यावर रूपराव ती ओल्या फडक्याने पुसत. पुसताना त्यांना उमासे येत. तरी ते जात.

का जात? गिटार त्यांनी हौसेने घेतलेली नव्हती. मेव्हणा चंद्रभान रेल्वेत होता, त्याची भुसावळला बदली झाली तेव्हा सामानात मावेना म्हणून त्याने ती बहिणीकडे ठेवली. पण एकदा घरात आली तशी ती रूपरावांच्या मनात भरली. त्यांचे वडील नत्थूजी गावच्या भजनात पेटी वाजवायचे. घरात सूर होता, पण रूपरावांना चारचौघांत तोंड उघडायची लाज. भजनात ते मागच्या भिंतीला टेकून टाळी वाजवत आणि तीही हळू. आयुष्यभर त्यांना असं एक वाद्य हवं होतं, जे एकट्याने, पोटाशी धरून, तोंड मिटून वाजवता येईल. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये कधी गिटारचा तुकडा लागला की हातातलं पुस्तक उलटं ठेवून ते ऐकत.

पहिल्या दिवशी ताराचंदने त्यांना तारांचा हिशेब सांगितला होता. गालात खर्रा होता, त्यामुळे बोलणं थोडक्यात.

“हे पाहा साहेब. सहा तारा. वरची तार पहिली. तिथून मोजाचं. पाचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर आपला सा. चौथी मोकळी सोडली का रे. चौथीच्याच दुसऱ्यावर ग, तिसऱ्यावर म. मंग तिसरी मोकळी, प. तिच्या दुसऱ्यावर ध. मंग दुसरी मोकळी, नी. अन दुसरीच्या पहिल्या पडद्यावर वरचा सा. झालं. हे बोटाले पाठ झालं का समदं झालं.”

रूपरावांनी गिटार मांडीवर घेऊन बघितलं. वरची तार, म्हणजे हनुवटीखाली सगळ्यात वर होती ती, जाड. तिथून त्यांनी मोजलं आणि सांगितल्याप्रमाणे बोटं ठेवली. सा वाजला. त्यावर रे चढायला हवा होता. तो चढला नाही, धाडकन खाली पडला. ग आणि म थोडे वर सरकले, तर प पुन्हा खड्ड्यात. वरचा सा म्हणून जो निघाला तो कुठल्याच साच्या नात्यातला वाटेना.

“मास्तर,” त्यांनी भीत भीत विचारलं, “हे बरोबर आहे ना? थोडं खाली खाली जातं.”

ताराचंद क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग दारात पान्हा घेऊन उभ्या असलेल्या बंडूजीकडे त्याने बघितलं, आणि मोठ्या गंभीरपणे सांगितलं, “साहेब, हे इंग्रजी वाद्य हाये. त्याचं सारेगम असंच राह्यते. कानाले सवय होऊ द्या.”

रूपरावांना ते पटलं. पटलं म्हणजे काय, तर आपला कान खेड्यातल्या भजनाचा, आपल्याला काय कळतं, असं स्वतःला बजावून त्यांनी ते पटवून घेतलं. घरी ते रोज संध्याकाळी त्या उतरत्या, ठेचकाळत जाणाऱ्या सारेगमला बसू लागले. सुमित्राबाई, त्यांच्या पत्नी, ओट्याजवळून म्हणायच्या, “हे काय जी? कोनी जिना चढून राह्यला का विहिरीत पडून राह्यला?”

“तुले नाई समजाचं. गोऱ्या लोकांचे सूर असेच उतरत जातात.”

“म्हनून तर गेले थे लोक,” सुमित्राबाई म्हणायच्या आणि फोडणी टाकायच्या.

बोटांच्या टोकांना घट्टे पडले. वाचता वाचता रूपराव ते दातांनी कुरतडत, कातड्याचा तुकडा जिभेवर आला की दचकत, आणि स्वतःचीच शिसारी येऊन खिडकीबाहेर थुंकत. थुंकल्यावर त्यांना ताराचंद आठवे आणि शिसारी दुप्पट होई. तरी आत कुठेतरी त्या घट्ट्यांचा अभिमानही होता. पुस्तकं हाताळून हाताळून मऊ पडलेल्या बोटांनी पहिल्यांदाच काहीतरी कमावलं होतं.

आणि क्लासमध्ये त्यांना श्रोते मिळाले होते! त्यांची वेळ झाली की भिंतीजवळच्या बाकड्यावर बंडूजी येऊन बसे, शेजारचा तानबा न्हावी येई, कधी आणखी कोणी. “साहेब, एकडाव पुन्हा होऊ द्या न,” बंडूजी म्हणे. रूपराव पुन्हा वाजवत. तानबा तोंडावर गमछा धरून मान हलवी. “वा साहेब, वा!” रूपरावांचे कान तापत. एवढ्या माणसांसमोर आपण काही करतो आहोत आणि माणसं ऐकताहेत, हे त्यांच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. त्या बाकड्यासाठी ते डब्याचा वासही सोसत होते, हे त्यांना स्वतःला कबूल करवत नव्हतं इतकंच.

वर्ष होत आलं तेव्हा बबनरावांचं पत्र आलं.

पहिल्यांदा लिहायला बसले तेव्हा अडचण खर्ऱ्याची होती. मास्तर शिकवतात चांगलं, पण माणूस किळसवाणा आहे, असं लिहावं का? सुपारीच्या रंगाच्या बोटांनी तो पोरांच्या पेट्या हाताळणार, वर्गाच्या कोपऱ्यात डबा ठेवणार. पण खर्रा कोण खात नाही? अर्धा जिल्हा खातो. तेवढ्यासाठी कोणाची रोजी अडवायची? शिवाय आपल्याला मळमळतं हा त्याचा दोष की आपल्या पोटाचा? दोन आंतरदेशीय पत्रं त्यांनी खोडून खोडून वाया घालवली आणि तिसरं आणलंच नाही.

मे महिन्यात एका दुपारी गोपिका वाचनालयात आली. नालवाडीला तिच्या वडलांची भाजीपाल्याची वाडी होती. सकाळी बापाबरोबर भेंडी-काकडी बाजारात पोचवून ती टायपिंगला जाई, आणि आठवड्यातून दोनदा ताराचंदकडे गिटारला. रूपरावांच्या आधीची वेळ तिची. अलीकडे ती तिथे दिसली नव्हती. पुस्तक परत करून ती टेबलाशीच घुटमळली. दारावरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून शिपाई मागे गेला होता. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी एक म्हातारे गृहस्थ झोपले होते.

“काका, एक गोष्ट सांगाची होती. रागावाल नाई ना?”

“पुस्तक फाटलं का?”

“पुस्तकाचं नाई.” तिने आवाज आणखी खाली आणला. “वरची तार म्हनजे बारीकवाली, काका. आवाज वर असते न तिचा, म्हनून वरची. तुम्ही जाडीले पहिली धरून बसले. समदं उलटं मोजून राह्यले तुम्ही.”

रूपरावांच्या हातात शिक्का होता, तो तसाच राहिला. डोळ्यांपुढे त्यांनी सहा तारा उलट्या केल्या, बारीक पहिली, जाड सहावी, आणि मनातल्या मनात बोटं ठेवली. सा. मग रे, चढता. ग. म. प. वडलांच्या पेटीतलं, लहानपणापासून कानात मुरलेलं सरळ सारेगम त्या तारांतून एकेक पायरी चढत आलं आणि वरच्या साला जाऊन नीट उभं राहिलं. किती साधं होतं!

“मास्तरांना माहीत आहे?” त्यांनी विचारलं.

“पहिल्या दिवसापासून.”

“मग बाकड्यावर ते लोक येतात, ऐकायला...”

“ऐकाले नाई येत, काका,” गोपिका म्हणाली. “पाहाले येतात. मास्तरच बोलावते त्याइले. ‘चला, उलट्या साहेबाची वेळ झाली.’ आमाले सांगून ठेवलं होतं, कोनी बोलाचं नाई.” तिचा चेहरा लाल झाला. “मीबी हासली. एक दिवस तर तोंडात ओढनी कोंबून हासली. मंग घरी घास उतरला नाई. म्हनून सोडला म्या क्लास.”

“बरं केलं,” रूपराव म्हणाले. काय बरं केलं ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी पुस्तकावर शिक्का मारला, दुसरं पुस्तक दिलं, ती गेली.

मग ते मागच्या नळावर गेले आणि साबणाने हात धुऊ लागले. वर्षभराचं सगळं एकेक करून तोंडाशी येत होतं. ‘एकडाव पुन्हा होऊ द्या न.’ तानबाचा तो गमछा. आणि ते स्वतः, कान तापवून, मान किंचित तिरकी करून, पुन्हा वाजवणारे! त्या डब्यात बघायचं नाही म्हणून ते वर्षभर मान फिरवत आले होते, आणि वर्षभर सगळे थुंकत मात्र त्यांच्यावर होते. त्यांनी पुन्हा साबण लावला. घट्टे धुऊन जाणारे नव्हते.

तुम्ही म्हणाल, आता काय अवघड होतं? घ्यायचं पत्र आणि लिहायचं. पण रूपरावांचं घोडं नेमकं इथे अडलं. आधी लिहायला काही नव्हतं म्हणून ते थांबले होते. आता लिहायला सगळं होतं, पण लिहिणाऱ्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. आपण लिहू ते पोरांच्या भल्यासाठी, की आपली फजिती झाली त्याचा सूड म्हणून? आतून एक आवाज म्हणे, तू त्याचा काटा काढतो आहेस. दुसरा म्हणे, तू भितोस, आणि भित्रेपणाला न्यायाचं नाव देतोस. दोन्ही आवाज त्यांचेच, त्यामुळे कोणावर विश्वास ठेवावा कळेना. क्लासला जाणं त्यांनी बंद केलं, का ते एका रात्री सुमित्राबाईंना सांगितलं, आणि गिटार खोळीत घालून कपाटामागे उभी केली.

जूनमध्ये बबनरावांचं कार्ड आलं. ‘तुझं उत्तर नाही. बैठक पुढच्या आठवड्यात. आता काही लिहिलं नाहीस तर मी होकार समजेन.’

सुमित्राबाईंनी कार्ड वाचून त्यांच्यापुढे ठेवलं.

“बबनभाऊजीनं बरं केलं. तुमचं तोंड उघडत नाई हे त्याइले शाळेपासून माहीत हाये.”

“न लिहिणं म्हणजे हो झालं आता,” रूपराव म्हणाले.

“मंग हो म्हना, का नाई म्हना. पन मुक्यानं हो म्हनू नका. उद्या तिथल्या एखाद्या पोट्ट्याले बाकड्यापुढे बसवला तर थो कोनाले सांगन? थो तर तुमच्यासारखाच घरी येऊन सूर पाडत बसन विहिरीत.”

“पण मी पाठीमागून कसं लिहू त्याच्याबद्दल? त्याचं म्हणणं तर ऐकायला हवं.”

“मंग जा न ऐकाले! मी काय पाय धरून ठेवले तुमचे?”

ते गेले. भर दुपारी, वाचनालयाच्या सुटीत. बंडूजीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं, आत तो टायरांच्या थप्पीला टेकून पेंगत होता. मागच्या खोलीत ताराचंद एकटाच गादीवर बसून मांडीवर पन्नी घोटत होता.

“या साहेब! भल्ले दिवस झाले. आज वाद्य नाई आनलं?”

“आर्वीहून पत्र आलं आहे,” रूपराव उभ्यानेच म्हणाले.

ताराचंद पटकन सरकला, त्याने गादी झटकली. “बसा, बसा! काय म्हनते आर्वी?”

“तुम्ही माझं नाव दिलं.”

“मंग कोनाचं देऊ साहेब? बंडूजीचं? थो पंक्चर काढते. माझ्यापाशी शिकलेल्यात शिकलेला मानूस म्हनजे तुम्ही एक. ग्रंथपाल! तुमच्या शब्दाले वजन हाये.”

“पन शिकवलं काय मले तुम्ही?”

मास्तरांशी ते नेहमी पुस्तकातल्यासारखं बोलत. आज गावची बोली आपोआप बाहेर आली, आणि तिच्यामागून आवाजही आला. ताराचंदचा हात थांबला.

“म्हनजे?”

“वरची तार कोनती, मास्तर?”

ताराचंदने मान वळवली, डब्यात पिंक टाकली, आणि मनगटाने ओठ पुसले. “माळ्याच्या पोरीनं सांगतलं. मले वाटलंच.” मग तो हसला. दातांच्या फटी काळ्या-तांबड्या झाल्या होत्या. “मजाक होती साहेब. मानसानं थोडी मजाक सहन करावी.”

“वर्षभर?”

“पहिल्या दिवशी वाटलं, उद्या तुमाले कळन. उद्या वाटलं, परवा कळन. मंग सांगाची सोयच राह्यली नाई. अन मी म्हनतो, तुमाले काऊन नाई कळलं? बापानं पेटी वाजवली म्हनता. कान नाई काय तुमाले?”

रूपरावांना कान होता. कान पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होता. त्यांनी विश्वास कानावर न ठेवता याच्यावर ठेवला होता.

“थांबा, रागावू नका,” म्हणत ताराचंदने भिंतीवरची आपली गिटार काढली आणि डोळे मिटून सारेगम वाजवलं. एकदाच, सावकाश. प्रत्येक सूर आपल्या जागी असा आला, जसा दिवेलागणीला घरातला माणूस घरात येतो. वरच्या सावर त्याने बोट जरा हलवलं आणि तो सूर त्या कोंदट खोलीत कितीतरी वेळ स्वच्छ उभा राहिला. रूपराव डबा विसरले, वास विसरले. एवढं ज्याच्या हातात आहे त्याने हातातलं दुसऱ्याला देऊ नये, याचंच त्यांना वाईट वाटलं.

“घ्या,” ताराचंदने गिटार पुढे केली. “आता सुलटं वाजवा. आत्ता शिकवतो. मंग मन साफ करून पत्र लिहा. चतुराबाई, आमची घरवाली, पोरंबाळं घेऊन आर्वीलेच राह्यते माहेरी. नोकरी लागली तर घर एक होते साहेब.”

रूपरावांनी गिटार घेतली. मान चिकट होती. त्यांनी मनात बारीक तार पहिली धरली, जपून मोजलं, सावर बोट ठेवलं. पण बोटांना वर्षाची सवय. रे घ्यायला म्हणून बोट उचललं ते आपलं जुन्या रस्त्याने गेलं, आणि सूर धाडकन खाली पडला. त्यांनी पुन्हा घेतलं. पुन्हा पडला.

ताराचंदचे खांदे हलायला लागले. तो ओठ दाबून बसला, जमिनीकडे बघू लागला, त्याने गाल आत ओढले. रूपरावांनी तिसऱ्यांदा सा घेतला, बोट पुन्हा घसरलं, आणि ताराचंदला राहवलं नाही.

“बंडूजी! अबे बंडूजी, ये लवकर! साहेब आले!”

हाक मारून होईपर्यंत त्याला पत्र आठवलं असावं. तोंड तसंच उघडं राहिलं. त्यात ओला खर्रा दिसत होता. “थे... आदत हाये साहेब,” तो म्हणाला.

शटर वाजलं. डोळे चोळत बंडूजी आला आणि कोणी न सांगता सरळ बाकड्यावर जाऊन बसला.

रूपरावांनी गिटार हळूच गादीवर ठेवली. आपण चिडू असं त्यांना वाटलं होतं. ते चिडले नाहीत. आतलं सगळं ढवळणं थांबून एकदम स्वच्छ झालं होतं, ओकारी होऊन गेल्यावर पोट होतं तसं. आपली नोकरी समोरच्याच्या हातात आहे, बायकापोरं तिकडे वाट बघताहेत, हे माहीत असूनही या माणसाला चुकणाऱ्याला बघून हाक मारल्यावाचून राहता आलं नाही. मग पोरांसमोर, जिथे त्याला अडवणारं काहीच नसेल, तिथे तो काय करील?

“मी लिहितो,” ते म्हणाले.

“काय लिहान?”

“वाजवता ते लिहीन. अन हे लिहीन.”

बाहेरच्या उन्हात ते सायकल हातात धरूनच चालले. घरी गेलो तर पुन्हा खोडाखोड सुरू होईल हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते थेट मोठ्या पोस्टात गेले. खिडकीवर आंतरदेशीय पत्र घेतलं आणि भिंतीजवळच्या उतरत्या फळीवर लिहायला उभे राहिले. शेजारी डिंकाची बाटली होती, तिच्या तोंडाशी माशा बसलेल्या. त्यांनी ती लांब सारली.

‘प्रिय बबन, उशीर झाला. ताराचंद मास्तरांना फार सुंदर वाजवता येतं. आज पुन्हा ऐकलं. संमेलनाला त्यांना बोलाव, समोर बसून ऐक, पोरांनाही ऐकव. पण पोरं त्यांच्या हाती देऊ नकोस. जे पोरगं चुकेल त्याला ते सांगणार नाहीत. ते हसतील, आणि हसायला चार जण बोलावतील. पोरगं मात्र घरी जाऊन रोज तीच चूक घोटत बसेल. हे तुला कसं कळलं म्हणशील, तर ते पोरगं मी आहे. मला या माणसाची किळस आहे, तेव्हा माझ्या म्हणण्यातून तेवढं वजा कर. मी करून बघितलं. तरी हेच उरतं. तुझा, रूपराव.’

पुन्हा वाचलं. ‘किळस’ हा शब्द फार झाला का? ‘नावड’ चालला असता. पेन त्या शब्दावर गेलं, जरा वेळ तिथेच थांबलं, आणि त्यांनी त्याला टोपण लावलं. नावड नव्हती ती. काडीने डिंक घेऊन, बोटाला लागू न देता, त्यांनी कडा चिकटवल्या.

टपालपेटीपाशी ते पुन्हा थबकले. पत्राचा अर्धा भाग आत, अर्धा हातात. चतुराबाई कशी दिसत असेल? किती पोरं असतील त्याला? बैठकीत बबन हे मोठ्याने वाचेल का, आणि लोक हसतील का, तो ग्रंथपाल पाहा, वर्षभर उलटा वाजवत होता? हसतील. नक्की हसतील.

“टाका न भाऊ,” मागे उभा असलेला एक शेतकरी म्हणाला. हातात त्याचं कार्ड होतं. “का आत जाऊन पाहाचं हाये काय लिहिलं थे?”

“हो, हो,” रूपराव म्हणाले, आणि त्यांनी पत्र सोडलं.